असल्यास, दोषींवर कोणती कारवाई

फोनवर पलीकडच्या माणसानं माझं पूर्ण नाव विचारलं आणि मी ते सांगितलं. प्रभावती अण्णासाहेब खरात. "अण्णासाहेब हे वडिलांचं ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "श्रीमती लावतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "लावा." मागं नागपूरला कुणीतरी दोनदा शिंकलं, कुणीतरी चहात साखर कमी सांगितली. मग त्यानं विचारलं, "त्या गृहपाल बाई आज तिथं हजर आहेत का? निलंबनाचा आदेश बजावायचा आहे." मी म्हटलं, "मीच बोलते आहे." "अस्सं? मग बरंच झालं की," तो म्हणाला, आणि त्यानं माझं पदनाम विचारून घेतलं. मी तेही सांगितलं. फोन ठेवला तेव्हा जिल्हा कार्यालयातले आमचे साहेब खिडकीबाहेर बघत होते, जणू त्या कडुनिंबावर आज पहिल्यांदाच पानं आली होती, आणि तिथल्या लिपिक संध्यानं माझ्या पुढ्यात पोह्यांची प्लेट सरकवली. पोहे थंड झाले होते. मी ते खाल्ले. भूक लागली होती आणि निलंबित माणसाला भूक लागू नये असा काही नियम माझ्या माहितीत नाही.

फोन मुळात साहेबांचाच होता. नागपूरहून नाव विचारतायत म्हटल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्याकडं केला, "तुम्हीच सांगा मॅडम, उगं माझ्याकून चूक नको व्हायला." चूक होऊ नये याची त्यांना फार काळजी असते. आदल्या दिवशी त्यांनीच मला टाकळवाडीहून जालन्याला बोलावून घेतलं होतं. अधिवेशन चालू असलं आणि आपल्या जिल्ह्याचा तारांकित प्रश्न लागला, की कार्यालयात अशी बैठक मारायची रीत आहे. ज्याच्या संस्थेवर प्रश्न, त्यानं सगळी माहिती तोंडपाठ करून फोनशेजारी बसायचं. सभागृहात कुणी आमदारानं उपप्रश्न विचारला तर मंत्र्याच्या मागं बसलेला अधिकारी चिठ्ठी लिहितो, चिठ्ठीवरून फोन होतो, फोन आपल्याकडं येतो. म्हणजे मंत्र्यानं ज्ञानी दिसायचं आणि त्यासाठी इथं आम्ही पोहे खात जागं राहायचं. संध्यानं कॉम्प्युटरवर सभागृह लावून ठेवलं होतं. आवाज पुढं आणि ओठ मागं, असं ते चाललं होतं. पांढरे कपडे, पांढरे कपडे, मधूनच एखादी साडी. प्रश्न माझ्या वसतिगृहाचा होता: टाकळवाडीच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहाच्या कंपाउंडची भिंत पडली, न्हाणीघरांना दारं नाहीत, मोटारसायकलवाले रस्त्यावरून आत बघत थांबतात, मुली शाळा सोडून घरी चालल्यात. आमचे आमदार उठले. उठण्याआधी त्यांनी जाकिटाची खालची बाजू ओढून नीट केली. ते मी बघितलं आणि तेव्हाच माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे काय थोडं शिल्लक होतं ते गेलं. "अध्यक्ष महोदय, या माझ्या लेकी आहेत," ते म्हणाले. लेकींचं गाव कोणत्या तालुक्यात आहे ते त्यांनी कागदात बघून सांगितलं. आणखी दोघंतिघं उठले, त्यांनाही एकाएकी लेकी झाल्या. गलका झाला. मग मंत्री उभे राहिले, आणि सदस्यांच्या भावना तीव्र आहेत, त्या भावनांशी मी सहमत आहे, असं म्हणून त्यांनी संबंधित गृहपालास आजच्या आज निलंबित करण्याची घोषणा केली. बाकं वाजली. आमदारांनी आभार मानले. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "भिंतीचं काय?" मंत्री अर्धे बसले होते. "प्रस्ताव प्राप्त होताच तपासून," एवढं म्हणून ते पूर्ण बसले. पुढचा प्रश्न तलावातल्या मत्स्यबीजाचा होता.

प्रश्न माझाच होता. म्हणजे माझ्या वसतिगृहाबद्दल होता एवढंच नव्हे, तो मीच लिहिला होता. हे साहेबांना माहीत नव्हतं, संध्याला नव्हतं, आणि आता कुणाला सांगायची सोयही नव्हती, कारण सरकारी नोकरानं आमदाराच्या हातात प्रश्न देणं हा तर निलंबनाच्याही पुढचा गुन्हा. भिंत मागच्या वर्षीच्या पावसात पडली. पडली म्हणजे काय, रस्त्याच्या बाजूचा चांगला रुंद तुकडा मुळासकट आडवा झाला आणि नेमकी त्याच्यासमोर मुलींची न्हाणीघरं. मी पत्रं पाठवली. पत्रांना पोच आली. बांधकामवाले म्हणाले, इमारत आमच्याकडं वर्ग झालेली नाही. खातं म्हणालं, अंदाजपत्रक पाठवा. अंदाजपत्रक करायला बांधकामवाले पाहिजेत. मुली पहाटे अंधारात अंघोळ करू लागल्या, थंडीत, कुडकुडत, दात वाजवत. सूर्य उगवायच्या आत सगळ्यांचं आटोपलं पाहिजे म्हणून एकमेकींना हाका मारत. मी माझी लोखंडी खाट खोलीतून काढून त्या खिंडारात टाकली आणि तिथं निजू लागले, उशाला काठी. गावातली पोरं मोटारसायकल थांबवून म्हणायची, "मॅडम, थंडी वाजत न्हाई का?" मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मराठीची एम.ए., खाटेवर बसून त्यांना शिव्या द्यायचे. शिव्या मला चांगल्या येतात हे मला टाकळवाडीला कळलं. तरी दोन मुली घरी गेल्याच. मोनालीचा मामा दिवाळीनंतर तिला सोडायला आला तेव्हा खिंडाराकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर भरोसा हाये, पर तुम्ही किती दिवस खाट टाकसाल? मार्गशीर्ष सरूस्तोर भिंत झाली तं ठीक, न्हाई तं मी पोरीला घेऊन जातो. स्थळ आलेलं हाये." मोनाली बारावीला आहे. गणितात हुशार आहे. मामा बोलत होता तेव्हा ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती, आणि मला तिच्या त्या अंगठ्याचाही राग आला होता.

तेव्हा मी आमदारांकडं गेले. आमदार भेटत नसतात, त्यांचा पीए राधेश्याम भेटतो. नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, बियाण्यांच्या गोदामावर त्यांचं ऑफिस आहे. जिना चढताना औषध लावलेल्या बियाण्याचा वास नाकात बसतो तो घरी जाईपर्यंत जात नाही. राधेश्याम माणूस गोड. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझं ऐकता ऐकता दोन फोन घेतले. "मॅडम, बिलकुल लावू की प्रश्न. साहेबाला असाच पायजे, लेकीबाळीचा. रस्त्याचे प्रश्न आता कोनी ऐकत न्हाई. पर तुम्हीच लिहून द्या बराबर, तुमचं मराठी चांगलं." मला जुन्या प्रश्नांचे नमुने दिले. मी तिथंच बसून लिहिलं. काय ती भाषा! टाकळवाडी येथील वसतिगृहाची संरक्षक भिंत कोसळली आहे, हे खरे आहे काय. असल्यास, विद्यार्थिनींची सुरक्षितता धोक्यात आली आहे, हेही खरे आहे काय. असल्यास, भिंत बांधण्याबाबत शासनाने कोणती उपाययोजना केली. मी तिथं थांबले. राधेश्यामनं वाचलं आणि म्हणाला, "शेवटचा मुद्दा राह्यला की मॅडम. असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे." मी म्हटलं, "दोषी कोण? भिंत पावसानं पडली." तो हसला. "त्ये ते बघतेत की. हे टाकल्याबिगर प्रश्न प्रश्नावानी वाटत न्हाई. समद्यात असतंय." आणि खरंच, सगळ्या नमुन्यांत होतं. मच्छीमारांच्या प्रश्नात होतं, गणवेशाच्या प्रश्नात होतं, मेलेल्या मोरांच्या प्रश्नात होतं. मग मीही लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात. अक्षर चांगलं असल्याचा मला लहानपणापासून गर्व आहे. जिना उतरताना तर मी चक्क खुशीत होते. खाली रसवंतीवर उसाचा रस प्याले, आणि वाटलं, दादांना सांगावं.

दादा म्हणजे माझे वडील. केदारखेड्याला असतात, माझ्या भावाकडं. आयुष्यभर लोकांच्या शेतात राबले आणि त्या सगळ्या आयुष्यात एकच सहल केली: नागपूरला. दीक्षाभूमीला तर गावातले सगळेच जायचे, पण दादा एकदा हिवाळ्यात मोर्च्याबरोबर गेले आणि कुणाच्या तरी ओळखीनं पास मिळून विधानसभेच्या गॅलरीत जाऊन बसले. इतरांनी पाहिली ती दीक्षाभूमी आणि संत्र्यांच्या बागा. दादांनी पाहिला मंत्री उभा राहताना. मी तेव्हा चौथीत असेन. परत आले ते पांढरा सदरा तसाच अंगात ठेवून, आणि ओसरीवर माणसं जमवून सांगत बसले, "मंत्री उभा राहून उत्तर देतो, बसून न्हाई! आपला मानूस इचारतो आन् तेला उभं राहावंच लागतंय. बाबासाहेबानं तसं लिहूनच ठिवलंय." नंतर कित्येक वर्षं ते हे सांगायचे. कुणी नवीन पाहुणा आला की मी आत जायचे, कारण मला ते पाठ झालं होतं. पाठ झालेली गोष्ट खोटी वाटत नाही, हाच घोटाळा. शाळेत मास्तरांनी मला मागच्या ओळीत बसवलं तेव्हा मी घरी येऊन रडले नाही, मनात म्हटलं, तुम्हाला एकदा उभं राहावं लागेल. असलं खूळ मी चाळिशी उलटली तरी बाळगलं. नोकरीत लागले, गृहपाल झाले, साहेबांची रांग बघितली, तरी ते गेलं नाही. कुठंतरी आत, जुन्या ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या सदऱ्यासारखं राहिलं. आणि तेच घेऊन मी राधेश्यामचा जिना चढले. आमदारांची मला कीव येत नाही, मंत्र्यांची येत नाही, त्यांचं ते पोट आहे. मला चीड येते ती माझ्यातल्या या चौथीतल्या पोरीची.

पुढची मजा तर आणखी. मी लिहिलेला प्रश्न नागपूरला गेला, तिथून खात्याला आला, खात्यानं जिल्ह्याला पाठवला आणि जिल्ह्यानं "अतितातडीचे" असा शिक्का मारून उत्तरासाठी माझ्याकडं पाठवला. दुसरा पाठवणार कुणाकडं? वसतिगृहात गृहपाल मी, लिपिक मी, रात्रीची पहारेकरी मी. माझाच प्रश्न मला विचारला गेला. मी माझ्याच अक्षरात उत्तर दिलं: हे खरे आहे, हे खरे आहे, अद्याप कोणतीही नाही. चौथ्या मुद्द्यापुढं लिहिलं, प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी पहिल्या दोन्हींचं "अंशतः खरे आहे" केलं. मी विचारलं, "साहेब, भिंत अंशतः कशी पडते?" ते म्हणाले, "बाकीची उभी हाय ना? मंग?" आणि चौथ्या उत्तराला त्यांनी हात लावला नाही. तो नागपूरला कुणीतरी लावला. दोषी उद्भवला. म्हणजे नागपूरला जे दोघं उभे राहिले, एक जाकीट ओढून आणि एक अर्धं बसून, त्यांनी मीच लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवलं होतं, आणि मध्ये मोकळी राहिलेली जागा माझ्या नावानं भरली होती. मला हसू आलं. संध्याला वाटलं मी रडते आहे. तिनं पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ताई, सहा म्हैन्यात परत घेतेत हो. समद्याचं होतंय असं."

साहेब शेवटी खिडकीपासून फिरले. "मॅडम, माझ्या हातात काहीच न्हाई, तुम्हाला माहीतच हाये. आदेश उद्या येईन. निलंबनात मुख्यालय जालना राहीन, इथून बाहेर जायचं तं परवानगी लागन." मी विचारलं, "आणि मुली?" ते म्हणाले, "चार्ज कोनाला तरी देऊ." "कुणाला?" त्यांनी संध्याकडं बघितलं. संध्यानं कॉम्प्युटरकडं बघितलं. कुणी टाकळवाडीला जाऊन त्या खाटेवर झोपणार नव्हतं, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. "बघू," साहेब म्हणाले, "आन् ते जाता जाता जरा एक कार्यवाहीचा मसुदा करून द्या. संबंधितावर कारवाई केली म्हणून. वरून मागतीन, आन् वसतिगृहाची माहिती तुमच्यावाचून कोनाला हाये?" मी त्यांच्याकडं नीट बघितलं. चेष्टा नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या भल्या माणसाची नड होती. मी म्हटलं, "मी संबंधित आहे, साहेब. संबंधितानं लिहायचं नसतं." आणि पर्स घेऊन निघाले. आदेश उद्याचा होता, म्हणजे आज रात्री वसतिगृह माझंच होतं.

बसस्टँडवर राधेश्यामचा फोन आला. त्याचा आवाज लग्नघरातल्यासारखा. "मॅडम, बघितलं का? गाजवला साहेबानं! मंत्र्याला घामच फोडला!" मी म्हटलं, "राधेश्यामभाऊ, मला निलंबित केलं." खरंच त्याच्या ध्यानात आलं नसावं. "अरेरे. ते तुम्ही व्हय," तो म्हणाला. "म्हंजे नाव पदाचं घेतलं, आन् मानूस तुम्ही. बरं, टेन्शन घेऊ नका, साहेब आले की पुन्हा एक पत्र देऊ. पर प्रश्न तं लागला ना मॅडम?" प्रश्न लागला. मी फोन बंद केला आणि कुंभार पिंपळगावकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले. बाहेर तुरीची शेतं पिवळी झाली होती, सरकीच्या गाड्या उभ्या होत्या. प्रत्येक वळणावर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस फ्लेक्सवर हसत होता. शेजारची बाई पेरू खात होती. तिनं मला अर्धा दिला. मी घेतला. आज मला जो जे देईल ते मी घेत होते.

गाडी निम्म्यात असताना दादांचा फोन आला. भावाच्या मुलानं मोबाइलवर सभागृह बघून त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं रडतील. ते रडत नव्हते. आवाज अगदी खालचा होता, ओसरीवर माणसं असली की घरातलं बोलायला काढायचे तसा. "प्रभा, तुला काढलं म्हनून सांगितलं त्यानं."

"हो, दादा."

"मंत्री बोलला?"

"बोलला."

"उभा राहून?"

मी डोळे मिटले. "उभा राहून, दादा."

त्यांनी मागं कुणाला तरी दार लोटायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, तिथं उगंच कोनाचं न्हाई काढत. तिथं समद्या देशाचं लिहून घेतेत. तू काय केलं ते मला सांग. म्या कोनाला सांगनार न्हाई." मला सगळं सांगता आलं असतं. खिंडार, खाट, राधेश्याम, शेवटचा मुद्दा. पण सांगितलं असतं तर त्यांचा तो मंत्री खाली बसला असता, कायमचा, आणि त्यांच्याजवळ दुसरं काही नाही. ज्या खुळाला मी दिवसभर शिव्या देत होते ते त्यांच्या हातून काढून घ्यायला माझा हात होईना. मी म्हटलं, "चुकलं माझं, दादा." ते म्हणाले, "मंग तसं लिहून दे. माफ करतेत." पेरूच्या बिया दाताखाली कचकच करत होत्या. मला आयुष्यात कधी कुणाचा आला नव्हता इतका त्या सभागृहाचा तिटकारा आला, त्या बाकांचा, ती वाजवणाऱ्या हातांचा, आणि त्यांनी माझ्या बापाला माझ्यावर अविश्वास ठेवायला लावला याचा.

टाकळवाडीला उतरले तेव्हा ऊन कललं होतं. लांबूनच मला वसतिगृह वेगळं दिसलं. काय ते कळेना. मग कळलं. खिंडार दिसत नव्हतं. पडलेल्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांबू रोवून, तार ओढून, भलामोठा फ्लेक्स ताणून बसवला होता. आमदार हात जोडून उभे, तेच जाकीट. मागं विधानभवन. वर मोठ्या अक्षरांत: सभागृहात लेकींचा आवाज बुलंद करणाऱ्या साहेबांचे जाहीर आभार. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या जागी: समस्त विद्यार्थिनी, शासकीय वसतिगृह, टाकळवाडी. प्रश्न सकाळी लागला, भिंतीला दीड वर्षं लागून ती झाली नाही, आणि हा दुपारपर्यंत छापून इथं येऊन टांगलासुद्धा. मी पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. दोन्ही हातांनी कडा धरली. फाडायचा म्हणजे कुठून, तेवढंच मी बघत होते. तिथल्या तिथं त्या तोंडाच्या मधोमध फाडायचा, जोडलेल्या हातांपर्यंत, आणि मग बाकीचा.

"मॅडम आल्या!" आतून मोनाली धावत आली. मागं पोरी. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दिवसभर शाळेत होत्या. मोनालीचं तोंड फुललं होतं. "मॅडम, दुपारी टेम्पो घेऊन मानसं आल्ते म्हने. बांबू गाडून गेले. बघा ना, इकडून बघा!" तिनं मला हाताला धरून आत नेलं आणि न्हाणीघरांच्या पुढ्यात उभं केलं. जिथून रोज रस्ता दिसायचा, पानटपरी दिसायची, मोटारसायकलवाले दिसायचे, तिथं आता फ्लेक्सची पांढरी पाठ होती आणि तिच्यातून मावळतीचं ऊन गाळून येत होतं. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. नुसता आवाज आला. "काहीच दिसत न्हाई बाहेरून," मोनाली म्हणाली. "आम्ही जाऊन बघून आलो. मॅडम, उद्या उजेडात अंघोळ करता येईन. ऊन पडल्यावर. मामाला सांगू का, भिंत झाल्यावानीच झालं म्हणून?"

मी तिच्याकडं बघितलं. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, "सांग." मग पुन्हा बाहेर गेले. उजव्या टोकाला वरची तार सैल राहिली होती, वारा आला की तो कोपरा सुटून फडफडत होता आणि त्या फटीतून पहिल्या न्हाणीघराची बिनदाराची चौकट सरळ दिसत होती. असल्या लोकांना नीट बांधताही येत नाही. मी खाट ओढत आणली, तिच्यावर चढले, तार बांबूला दोन वेढे देऊन कचकन ओढली, आणि आमदारसाहेबांच्या कानाच्या वर घट्ट गाठ मारली.